दोन अमिबा, एकच चेहरा : मायक्रोस्कोप जिथे थांबतो, तिथून पुढे

(ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे कसंय' वगैरे बरेचसे काढलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय थोडा घाण आहे, त्यामुळे जेवत असाल तर भाग पॉज करा, हात धुवा आणि मग या. आज आपण बोलणार आहोत संडासच्या रिपोर्टबद्दल. हो, तोच रिपोर्ट, जो आपण लॅबमधून गुपचूप आणतो आणि व्हॉट्सॲपवर फक्त डॉक्टरांनाच पाठवतो.

शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात आदिजीवांची यादी होती, आठवतेय? अमिबा, पॅरामेशिअम, प्लास्मोडियम, आणि त्यातच एक लांबलचक नाव : एन्टामिबा हिस्टोलिटिका. समोर लिहिलेलं असायचं, 'आमांश होण्यास कारणीभूत'. एका मार्काचा प्रश्न. पाठ केला, लिहिला, विसरलो.

पण त्या एका ओळीच्या मागे जवळपास शंभर वर्षं चाललेलं भांडण आहे. कारण माणसाच्या आतड्यात हुबेहूब तसाच दिसणारा दुसरा एक अमिबा राहतो. त्याचं नाव एन्टामिबा डिस्पार. मायक्रोस्कोपखाली दोघांच्या सिस्ट शेजारी शेजारी ठेवल्या, तर जगातला सगळ्यात अनुभवी तंत्रज्ञही हा कोणता आणि तो कोणता हे सांगू शकत नाही. मात्र एक आतड्याची भिंत पोखरतो आणि कधीकधी लिव्हरमध्ये पू करतो. दुसरा येतो, राहतो, आणि काही त्रास न देता निघून जातो.

मी डॉक्टर नाही. बी.टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पण हा किस्सा मला फार जवळचा वाटतो, कारण आमच्या धंद्यातही हाच प्रश्न रोज येतो : दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसत असतील, तर त्या एकच आहेत की वेगळ्या, हे ठरवायचं कसं?

आधी हा अमिबा करतो काय?

याची दोन रूपं असतात. एक सिस्ट, म्हणजे कवचात बंद असलेलं रूप. हे गोल असतं आणि कवचामुळे बाहेरच्या जगात टिकून राहतं. दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून, हात न धुता कालवलेल्या भेळेतून ते पोटात जातं. जठरातल्या ॲसिडलाही ते दाद देत नाही. लहान आतड्यात कवच फुटतं आणि दुसरं रूप बाहेर येतं : ट्रोफोझोइट. हा हलतो, खातो, दुभंगून वाढतो. मोठ्या आतड्यात मुक्काम करतो. पुढे काही ट्रोफोझोइट पुन्हा सिस्ट बनतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. चक्र पूर्ण.

इथपर्यंत दोघं सारखेच वागतात. फरक पुढे आहे. हिस्टोलिटिका आतड्याच्या पेशींना चिकटून त्यांना मारू शकतो. मग अल्सर होतात, पोटात मुरडा येतो, आव आणि रक्त पडतं. काही जणांत तो रक्तावाटे लिव्हरमध्ये पोहोचतो आणि तिथे गळू करतो. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, वजन उतरणं. वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. नावातच हे लिहिलंय : 'हिस्टो' म्हणजे ऊतक, 'लिटिका' म्हणजे विरघळवणारा.

डिस्पार यातलं काहीच करत नाही.

मायक्रोस्कोपने काय काय जमवलं

मायक्रोस्कोपला नावं ठेवायची नाहीत हं. त्याने खूप मोठं काम केलंय, ते आधी बघू.

१८७५ साली रशियात सेंट पीटर्सबर्गला फ्योदोर ल्योश या डॉक्टरने एका आजारी माणसाच्या शौचात हलणारे अमिबा पाहिले. त्यांची चित्रं काढली. ते नमुने कुत्र्यांमध्ये सोडून पाहिले, तर एका कुत्र्याच्या आतड्यात तसेच अल्सर झाले. गंमत म्हणजे खुद्द ल्योशला वाटत होतं की आजार दुसऱ्याच कशाने सुरू होतो, अमिबा फक्त तो चिघळवतो.

मग १९०३ मध्ये जर्मनीच्या फ्रिट्झ शॉडिनने आजार करणाऱ्या अमिबाला हिस्टोलिटिका हे नाव दिलं आणि त्याला एन्टामिबा कोलाय या निरुपद्रवी भावंडापासून वेगळं काढलं. आता हा कोलाय म्हणजे तुम्ही ऐकलेला ई. कोलाय जिवाणू नव्हे. आडनावं सारखी, घराणी वेगळी.

हिस्टोलिटिका आणि कोलाय यांच्यातला फरक मायक्रोस्कोपने झकास दिसतो. पिकलेल्या सिस्टमधली केंद्रकं मोजायची. हिस्टोलिटिकात चार, कोलायमध्ये आठ. आकार बघायचा. हिस्टोलिटिकाची सिस्ट साधारण १० ते १६ मायक्रॉन, कोलायची बहुतेक वेळा त्याहून मोठी. सिस्टच्या आत काड्यांसारखे तुकडे दिसतात, त्यांची टोकं बघायची. हिस्टोलिटिकात गोलसर, कोलायमध्ये फुटलेल्या लाकडाच्या ढलपीसारखी. आयोडीनचा एक थेंब टाकला की केंद्रकं उठून दिसतात. तालुक्याच्या गावातली लॅबसुद्धा हे करू शकते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे विचार करा, किती बारीक गोष्टींवर निकाल लागतो.

मग आणखी एक भावंड सापडलं : एन्टामिबा हार्टमनी. त्यालाही चारच केंद्रकं. बरीच वर्षं लोक त्याला हिस्टोलिटिकाची बुटकी जात म्हणायचे. पण मोजपट्टी लावल्यावर कळलं की याच्या सिस्ट १० मायक्रॉनपेक्षा लहान असतात. म्हणजे इथेही मायक्रोस्कोपने, आणि त्यात बसवलेल्या छोट्या मोजपट्टीने, काम केलं.

थोडक्यात, आकार वेगळा असेल किंवा केंद्रकांची संख्या वेगळी असेल, तर मायक्रोस्कोप पुरतो. पण आकारही तोच, केंद्रकंही चार आणि काड्यांची टोकंही गोलच असतील तर?

न सुटणारं कोडं

हिस्टोलिटिकाचं नाव ठरलं, चित्रं छापली गेली, जगभर लोक शौच तपासायला लागले. आणि मग एक विचित्र गोष्ट समोर आली. चार केंद्रकांच्या सिस्ट असंख्य लोकांत सापडत होत्या, पण आजारी त्यातले थोडेच होते.

१९१३ मध्ये फिलिपिन्समध्ये वॉकर आणि सेलर्ड्स या दोघांनी एक प्रयोग छापला. मनिलाच्या बिलिबिड तुरुंगातल्या कैद्यांना त्यांनी अमिबा खायला दिले. 'स्वेच्छेने' असं त्यात म्हटलंय, पण तुरुंगातल्या माणसाची स्वेच्छा ती काय, हे तुम्हीच ठरवा. आज असा प्रयोग कुठलीही नीतिसमिती उभाही करू देणार नाही. हिस्टोलिटिका दिलेल्या २० जणांपैकी १८ जणांच्या पोटात अमिबा रुजला. आमांश झाला फक्त चौघांना.

आता याचा अर्थ काय लावायचा? दोन तट पडले.

पहिला तट म्हणाला, अमिबा एकच आहे. परिस्थिती वेगळी असते. माणसाची ताकद, त्याचा आहार, आतड्यातले जिवाणू, हवामान यावर ठरतं की अमिबा शांत बसणार की उठणार. म्हणजे प्रत्येक अमिबा हा झोपलेला वाघ.

दुसऱ्या तटात जवळपास एकटाच माणूस होता : पॅरिसचा एमिल ब्रुम्प्ट. १९२५ मध्ये तो म्हणाला, अहो, युरोपात इतक्या लोकांच्या पोटात या सिस्ट आहेत आणि आमांश होतो तो मात्र उष्ण देशांत. याचा अर्थ इथे दोन वेगवेगळ्या प्रजाती आहेत. दिसायला सारख्या, वागायला वेगळ्या. निरुपद्रवी प्रजातीला त्याने एन्टामिबा डिस्पार असं नाव दिलं.

त्याचं कुणी फारसं ऐकलं नाही. आणि त्यांनाही दोष देता येत नाही, बरं का. तुम्ही म्हणता दोन प्रजाती आहेत, पण समोरच्या काचपट्टीवर कोणती आहे हे सांगू शकत नाही. मग त्या दाव्याचा डॉक्टरला उपयोग काय? आमच्याकडे कुणी येऊन म्हणालं, 'सिस्टिममध्ये दोन वेगळे बग आहेत, पण लक्षणं तंतोतंत एक आहेत आणि वेगळे ओळखायचा मार्ग नाही,' तर आम्हीही एकच तिकीट उघडू. ब्रुम्प्टचं म्हणणं पुढे पन्नासेक वर्षं पडून राहिलं.

एन्झाइम बोलायला लागतात

आता मोबाइलचं उदाहरण घेऊ. तुमच्या बँकेचं ॲप आणि त्याचं बनावट ॲप. आयकॉन तोच, रंग तोच, लॉगिनचा स्क्रीन तोच. स्क्रीनशॉट शेजारी ठेवले तर फरक सापडणार नाही. मग खरं कसं ओळखतात? आत डोकावतात. ॲपवर कुणाची डिजिटल सही आहे, ते कुठल्या सर्व्हरशी बोलतंय, हे बघतात. मायक्रोस्कोप म्हणजे स्क्रीनशॉट. आत डोकवायला दुसरी युक्ती हवी होती. ती मिळाली एन्झाइममध्ये.

एन्झाइम, मराठीत विकर, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं उरकणारी प्रथिनं. अमिबालाही साखर फोडून ऊर्जा काढावी लागते, त्यासाठी त्याच्याकडे एन्झाइमची साखळी आहे. त्यातलं एक हेक्सोकायनेज. ते ग्लुकोजला फॉस्फेटचा एक तुकडा जोडतं. दोन्ही अमिबांकडे हे एन्झाइम आहे आणि दोघांकडे ते हेच काम करतं.

पण प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. एकच काम करणाऱ्या दोन माळांत काही मणी वेगळे असू शकतात. आणि काही मण्यांवर विद्युत प्रभार असतो. म्हणजे काम तेच, पण एकूण प्रभार थोडा वेगळा. एकाच कामाच्या अशा वेगवेगळ्या आवृत्त्यांना आयसोएन्झाइम म्हणतात.

प्रभार वेगळा असेल तर तो पकडायची रीत सोपी आहे : विजेच्या शर्यतीत पळवा.

प्रत्यक्षात असं करतात. रुग्णाच्या शौचातून अमिबा घेऊन काही दिवस वाढवतात. पुरेसे झाले की धुवून, गोठवून-वितळवून त्यांच्या पेशी फोडतात. हा रस स्टार्चच्या पातळ जेलच्या थरावर एका रेषेत ठेवतात आणि दोन टोकांना वीज जोडतात. प्रथिनं आपापल्या प्रभाराप्रमाणे सरकायला लागतात. कुणी झपझप, कुणी रमतगमत. काही वेळाने वीज बंद.

आता जेलमध्ये असंख्य प्रथिनं पसरलीत. त्यातलं हेक्सोकायनेज कुठंय हे कसं कळणार? इथली आयडिया मला प्रचंड आवडते. जेलवर हेक्सोकायनेजचं खाद्य ओततात : ग्लुकोज, एटीपी, एक मदतनीस एन्झाइम आणि एक रंगद्रव्य. जिथे हेक्सोकायनेज असेल तिथेच ग्लुकोजवर काम होतं, त्या कामाच्या साखळीतून रंगद्रव्य बदलतं आणि नेमक्या त्याच जागी जांभळी रेघ उमटते. म्हणजे एन्झाइम स्वतःच काम करून स्वतःचा पत्ता सांगतं!

१९७८ मध्ये लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या पीटर सार्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र या अमिबांवर वापरून निष्कर्ष छापला. त्यांनी मुख्यतः चार एन्झाइम बघितली : ग्लुकोज फॉस्फेट आयसोमरेज, फॉस्फोग्लुकोम्युटेज, मॅलिक एन्झाइम आणि हेक्सोकायनेज. चारही एन्झाइमच्या रेघांचा जो एकत्र नमुना मिळतो, त्याला म्हणतात झायमोडीम. एखाद्या अमिबाचा बारकोडच समजा.

आणि निकाल? आजारी माणसांचे अमिबा एका गटात, बिनआजारी लोकांचे बहुतेक दुसऱ्या गटात. खुणा ठरलेल्या. आजार करणाऱ्यांत हेक्सोकायनेजच्या रेघा जास्त पुढे पळालेल्या. फॉस्फोग्लुकोम्युटेजमध्ये 'बीटा' नावाची रेघ हजर आणि 'अल्फा' गैरहजर. निरुपद्रवी गटात हेक्सोकायनेज मागे रेंगाळलेलं. डोळ्यांनी एकसारखे दिसणारे अमिबा जेलवर चक्क वेगळे दिसायला लागले.

पण हा पुरावा पुरेसा होता का?

इथे थांबायचं नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी होते असं नाही. पहिला तट अजूनही म्हणू शकत होता की अमिबा एकच आहे, आजारी आतड्यात गेला की तो एन्झाइम बदलतो. सोमवारी फॉर्मल शर्ट, शनिवारी टी-शर्ट, माणूस तोच.

याला उत्तर हळूहळू जमा होत गेलं. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला लिव्हरच्या गळवातून काढलेले अमिबा तपासले, तर सगळे आजारी गटातलेच निघाले. पुढे तिथल्याच संशोधकांनी धडधाकट लोकांचं रक्त तपासलं. ज्यांच्या पोटात आजार करणाऱ्या झायमोडीमचा अमिबा होता, त्यांना लक्षणं नसतानाही रक्तात अमिबाविरुद्ध प्रतिपिंडं होती. ज्यांच्या पोटात निरुपद्रवी गटाचा होता, त्यांच्यात ती नव्हती. म्हणजे शरीराला फरक कळत होता, फक्त आपल्यालाच कळत नव्हता. आजार करणारा अमिबा बाळगणाऱ्या या धडधाकट लोकांवर पुढे लक्ष ठेवलं, तर दहातल्या साधारण एकाला आमांश झाला, बाकीच्यांचा अमिबा आपोआप निघून गेला. मनिलाच्या तुरुंगातलं गणितही इथे थोडं उलगडतं : खरा हिस्टोलिटिकासुद्धा प्रत्येकाला आजारी पाडतोच असं नाही.

लंडनमध्ये समलिंगी पुरुषांच्या तपासणीत चार केंद्रकांच्या सिस्ट बऱ्याच सापडत होत्या, पण त्यांचे झायमोडीम निरुपद्रवी निघाले. आणि पुढे एड्सने प्रतिकारशक्ती ढासळलेल्या लोकांतही हे अमिबा शांतच राहिले. झोपलेला वाघ असता तर तेव्हा उठलाच असता.

तरी वाद मिटला नव्हता. १९८६ मध्ये एका संशोधक गटाने छापलं की प्रयोगशाळेत वाढवताना निरुपद्रवी अमिबाचा झायमोडीम बदलून आजारी गटाचा झाला. झालं! म्हणजे शर्टाचीच गोष्ट खरी? शिवाय असंही दिसलं की जेलवरच्या काही रेघा अमिबाला खायला किती स्टार्च दिलाय यावर येतात-जातात. म्हणजे झायमोडीमच्या बारकोडमधल्या सगळ्याच रेघा सारख्या भरवशाच्या नव्हत्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. एन्झाइम हे जनुकावरून बनतं, पण ते बनवायचं की नाही, किती बनवायचं, हे परिस्थितीनुसार बदलू शकतं. म्हणून रेघ नसणं हा तितकासा मजबूत पुरावा नाही. पण हेक्सोकायनेजच्या रेघेची जागाच वेगळी असणं, म्हणजे प्रथिनाची माळच वेगळी असणं, हे कपडे बदलण्यासारखं नाही. त्यासाठी खाली जनुकात फरक हवा.

मग थेट जनुकंच बघितली. १९८९ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला एग्बर्ट टानिश आणि सहकाऱ्यांनी दोन्ही गटांचा डीएनए तपासला. फरक एखाद्या जनुकापुरता नव्हता, तो डीएनएभर पसरलेला होता. इतका फरक टेस्ट ट्यूबमध्ये काही आठवड्यांत होत नाही. मग झायमोडीम बदलल्याच्या दाव्याचं काय? त्याची साधी शक्यता पुढे मान्य झाली : मूळ नमुन्यात दोन्ही अमिबा मिसळलेले असणार, किंवा वाढवताना दुसरा शिरला असणार. एक मेला, दुसरा वाढला आणि पाहणाऱ्याला वाटलं, एकाचाच दुसरा झाला.

१९९३ मध्ये अमेरिकेच्या लुई डायमंड आणि ग्रॅहम क्लार्क यांनी हिस्टोलिटिकाची व्याख्या नव्याने लिहिली आणि वेगळ्या प्रजातीला ब्रुम्प्टचंच नाव परत दिलं : एन्टामिबा डिस्पार. ६८ वर्षांनी! ब्रुम्प्ट तोवर हयात नव्हता.

हेक्सोकायनेज गुन्हेगार नाही

हा मुद्दा निसटू नये म्हणून वेगळा सांगतो. हेक्सोकायनेज वेगाने पळतं म्हणून अमिबा आतडं पोखरतो, असं नाही. पोखरायची हत्यारं वेगळी आहेत : पेशीला चिकटणारं लेक्टिन, पेशीला भोकं पाडणारी प्रथिनं, ऊतक कुरतडणारी प्रोटिएज. हेक्सोकायनेज बिचारं फक्त साखरेचं काम करतं.

मग त्याची रेघ उपयोगी का? कारण हे दोन वंश फार पूर्वी वेगळे झाले आणि परत मिसळले नाहीत. त्यामुळे हत्यारं आणि रेघ, दोन्ही एकाच घराण्यात एकत्र चालत आली. एखाद्या गाडीच्या नंबरप्लेटवर 'एमएच १२' बघून आपण म्हणतो, पुण्याची गाडी. नंबरप्लेटमुळे ती गाडी सिग्नल तोडते असं नाही! (पुणेकरांनो, हलकेच घ्या.)

मग आपल्या रिपोर्टचं काय?

आता कळीचा मुद्दा. १९८०च्या दशकात असा अंदाज होता की जगात सुमारे ५० कोटी लोकांच्या पोटात हिस्टोलिटिका आहे. प्रजाती वेगळ्या झाल्यावर लक्षात आलं की त्यातल्या बहुसंख्य लोकांकडे डिस्पार असणार. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांची मेक्सिकोत बैठक झाली. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं : फक्त मायक्रोस्कोपने चार केंद्रकांच्या सिस्ट दिसल्या, तर रिपोर्टमध्ये 'हिस्टोलिटिका किंवा डिस्पार' असं लिहा. आणि लक्षणं नसतील, हिस्टोलिटिका असल्याचा दुसरा पुरावा नसेल, तर नुसत्या सिस्ट दिसल्या म्हणून औषधं देऊ नका.

माझ्या आत्तेभावाचं उदाहरण सांगतो, त्याला विचारूनच. त्याला मधूनमधून गॅस, इंटरव्ह्यूच्या आधी पोट बिघडणं असा त्रास. रक्त नाही, आव नाही, ताप नाही. एका लॅबच्या रिपोर्टमध्ये आलं, 'एन्टामिबा हिस्टोलिटिका सिस्ट आढळल्या.' झालं, गोळ्या सुरू. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी, पुन्हा तीच ओळ, पुन्हा गोळ्या. तिसऱ्यांदा तर तो जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून स्वतःच मेट्रोनिडाझोल घेऊन आला. तोंडाला लोखंडासारखी चव, मळमळ, आणि डोक्यात पक्कं बसलेलं की 'मला अमिबा आहे, तो जातच नाही'. बाहेरचं खाणं बंद, मित्रांकडे जाणं बंद. शेवटी एका पोटाच्या डॉक्टरांनी शौचाची अँटिजेन टेस्ट करायला सांगितली. हिस्टोलिटिका निगेटिव्ह. मग त्यांनी त्रासाचं दुसरं कारण शोधायला सुरुवात केली, आणि गाडी रुळावर आली.

सिस्ट बघितलेल्या तंत्रज्ञाने खोटं लिहिलं नव्हतं. त्याला चार केंद्रकं दिसली होती. पण दिसलं त्यापेक्षा जास्त लिहिलं गेलं.

याची दुसरी बाजूही ऐका, ती जास्त धोक्याची आहे. लिव्हरमध्ये गळू झालेल्या बऱ्याच रुग्णांच्या शौचात अमिबा दिसतच नाही. म्हणजे 'स्टूल नॉर्मल आहे' म्हणून निश्चिंत राहणं हीसुद्धा चूक. तिथे सोनोग्राफी आणि रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी कामाला येते.

मायक्रोस्कोपला एक खूण मात्र अजूनही मिळते. ताज्या नमुन्यातल्या हलणाऱ्या ट्रोफोझोइटच्या पोटात लाल रक्तपेशी दिसल्या, तर तो हिस्टोलिटिका असण्याची शक्यता खूप वाढते. शंभर टक्के नाही, पण डॉक्टर ते गंभीरपणे घेतात. म्हणून ताजा नमुना महत्त्वाचा. तासन् तास डबीत पडून राहिला तर ट्रोफोझोइट मरतात आणि ही खूण हातची जाते.

जेल तुमच्या लॅबमध्ये का नाही?

कारण वेळ. आधी अमिबा वाढवा, त्यात दिवस जातात, कधी वाढतच नाहीत. सोबत आतड्यातले जिवाणूही वाढतात, त्यांच्या एन्झाइमच्या रेघा वेगळ्या काढाव्या लागतात. रुग्ण इतका थांबू शकत नाही. एन्झाइमच्या जेलने भांडण सोडवायला मदत केली, पण रोजच्या कामाला त्याच्या पुढच्या पिढ्या आल्या. एक अँटिजेन टेस्ट, जी हिस्टोलिटिकाच्या त्या चिकटणाऱ्या लेक्टिनला ओळखू शकते. मात्र सगळेच किट हिस्टोलिटिका आणि डिस्पार वेगळे करत नाहीत, हे विचारून घ्यावं लागतं. दुसरी पीसीआर. कोविडमुळे हा शब्द आता आजीलाही माहितीये.

आणि पीसीआर आल्यावर कळलं की चेहरा सारखा असलेले दोनच नाहीत. एन्टामिबा मोश्कोव्स्की हा मुळात मॉस्कोच्या सांडपाण्यात सापडलेला अमिबा, तोही तसाच दिसतो आणि माणसातही सापडतो. २०१२ मध्ये आणखी एकाचं वर्णन आलं : एन्टामिबा बांगलादेशी. म्हणजे एकाच आयकॉनची आता चार ॲप्स झाली.

लक्षात काय ठेवायचं

एक, रिपोर्टमध्ये सिस्ट आल्या आणि तुम्हाला काहीच त्रास नाही, तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नका. डॉक्टरांना सरळ विचारा, 'हे हिस्टोलिटिकाच आहे हे कशावरून? अँटिजेन किंवा पीसीआर करता येईल का?' हा प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही.

दोन, हिस्टोलिटिका पक्का ठरला तर लक्षणं नसली तरी उपचार घ्यायचे. दहातला तो एक तुम्ही असू शकता, शिवाय तुमच्याकडून घरातल्यांना लागण होऊ शकते. मेट्रोनिडाझोल ऊतकात घुसलेल्या अमिबावर चांगलं चालतं, पण आतड्याच्या पोकळीतल्या सिस्टवर त्याचा भरवसा नाही. त्यासाठी वेगळं औषध असतं. ते कोणतं, किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. अर्ध्यावर सोडू नका.

तीन, शौचात रक्त, किंवा ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं असेल, तर हा भाग फॉरवर्ड करत बसू नका. दवाखान्यात जा.

चार, सिस्ट कुठल्याही प्रजातीची असो, ती तुमच्या पोटात आली म्हणजे कुणाच्या तरी शौचाचा अंश तुमच्या खाण्यात किंवा पाण्यात आला. डिस्पार निरुपद्रवी आहे, पण तो ज्या वाटेने आला ती वाट हिस्टोलिटिकालाही उघडी आहे. पाणी उकळा. नळाच्या क्लोरिनवर फार विसंबू नका, सिस्ट त्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. साबणाने हात धुवा.

आजच्यापुरतं एवढंच, मंडळी. कुणाच्या व्हॉट्सॲपवर असा रिपोर्ट पडून असेल तर त्याला हा भाग पाठवा. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट टाका, फक्त नमुन्यांचे फोटो पाठवू नका, प्लीज. पुढच्या भागात भेटू!